सरावाचे काडतूस



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानमालेत उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता आणि किमान वेतन यांपलीकडे काही बोलणार नाही, अशी श्रोत्यांची धास्ती असते. आज आम्ही बोलणार आहोत बंदुकीच्या काडतुसाविषयी, आणि त्यातही युद्धातल्या काडतुसाविषयी नव्हे, तर चांदमारीच्या मैदानावर नेम शिकण्यासाठी जे उडवले जाते त्या सरावाच्या काडतुसाविषयी. नेमबाजी शिकू पाहणाऱ्या मुलांचे पालक हल्ली एक प्रश्न विचारतात: परदेशात पोलादी पुंगळीची स्वस्त काडतुसे सरावाला मिळतात म्हणे, मग आपल्याकडे ती का असू नयेत? प्रश्न साधा आहे, परंतु त्याच्या मुळाशी गेले की धातूचा भाव, सरकारचा परवाना आणि मजुराची मजुरी या तिन्ही गोष्टी एका बोटभर नळीत येऊन बसलेल्या दिसतात. त्या कशा बसल्या, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने केले. तेव्हा पंडिती भाषेची अपेक्षा आपण ठेवणार नाही असे धरून चालतो.

सुरुवात आपल्याच परंड्यापासून करू. विजापूरच्या बुरुजावर जी मुलूखमैदान तोफ आहे ती १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ओतली गेली. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यावर आली आणि १६३२ साली तेथून विजापुरास नेण्यात आली. तिचे वजन ५५ टनांच्या आसपास मानतात. सुमारे चार भाग तांबे आणि एक भाग कथील असा तिचा धातू आहे. १८५४ साली कंपनी सरकारच्या अंमलात ही तोफ लिलावात निघाली आणि तिला बोली आली १५० रुपयांची! पुढे तो लिलाव रद्द झाला म्हणून तोफ वाचली. आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण शस्त्राचा इतिहास लिहिणारे बहुतेक लोक शौर्याचे पान उघडतात आणि भंगाराचे पान मिटून ठेवतात. वस्तुतः दारू जळून जाते, गोळा मातीत रुततो. मागे उरतो तो धातू, आणि त्याचा मालक कोण हा प्रश्न.

तोफेची गोष्ट राजेरजवाड्यांची. साध्या शिपायाच्या हाती असे ती तोड्याची बंदूक, पुढे गारेची, आणि त्यानंतर टोपीची. पण तिन्ही ठासणीच्याच. या बंदुकीला लागणारा सारा माल गावाच्या आसपास मिळण्याजोगा होता. सोरा जुन्या वस्त्यांच्या खारट मातीतून काढीत, गंधक व्यापाऱ्याकडून येई, कोळसा घरचा. सोरा तीन हिस्से आणि उरलेल्या एका हिश्शात कोळसा व गंधक, असे साधारण प्रमाण. शिशाची गोळी लहानशा साच्यात घरीच ओतता येई. म्हणजे एखाद्याला नेमाची हौस असली तर त्याचा खर्च त्याच्या स्वतःच्या मेहनतीचा होता. त्यासाठी त्याला कोणाच्या कारखान्याचे तोंड पाहावे लागत नव्हते. ही बंदूक मंद होती, पावसात निकामी होत होती, शंभर पावलांपलीकडे तिचा भरवसा नव्हता, हे सगळे खरे. तरी तिच्या सरावावर पहारा बसवणे कोणत्याही सरकारला अवघड होते.

हे सारे बदलले ते काडतुसाने. काडतूस म्हणजे मुळात दारू आणि गोळी यांची कागदी पुडी. १८५७ च्या उठावाची हकिकत आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे; एन्फील्ड रायफलीची चरबी लावलेली काडतुसे दातांनी फोडावी लागत, म्हणून शिपाई बिथरले. परंतु या हकिकतीतला एक बारकावा शाळेत कोणी सांगत नाही. ती काडतुसे लढाईत वाटलेली नव्हती. डमडम, अंबाला आणि सियालकोट या तीन ठिकाणी नव्या रायफलीचे शिक्षण देण्यासाठी वर्ग उघडले होते, निरनिराळ्या पलटणींतून निवडक शिपाई तेथे शिकायला पाठवले जात होते, आणि त्या वर्गांतून वणवा पेटला. म्हणजे हिंदुस्थानातल्या सर्वांत मोठ्या बंडाला निमित्त झाले ते सरावाचे काडतूस. जानेवारी १८५७ मध्ये डमडमला कुजबूज सुरू झाली. शिपायांनी वंगण आपले आपण लावावे, अशी सवलत सरकारने दिली, पुढे पुडी दातांऐवजी हाताने फाडण्याची नवी कवायतही काढली. पण एकदा विश्वास गेला तो गेला. अंबाल्याला एप्रिलमध्ये प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव चालू झाला आणि रात्री छावणीत आगी लागू लागल्या. त्या वेळी आपला नळदुर्ग जिल्हा निजामाकडून इंग्रजांकडे आलेला होता आणि मेडोज टेलरसारखा अधिकारी १८५३ पासून तेथे कारभार पाहत होता. १८६० साली तो मुलूख पुन्हा निजामाकडे गेला.

उठावानंतर इंग्रजांनी दोन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या. हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची, ही पहिली. गोऱ्याकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायाला स्नायडर मिळाली; गोऱ्याला मेटफर्ड मिळाली तेव्हा याला मार्टिनी. दुसरी गोष्ट १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याची. त्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याच्या दारात उभे केले आणि युरोपियनांना त्यातून मोकळे ठेवले. राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध ठरावांमागून ठराव केले. त्या ठरावांची भाषा स्वाभिमानाची आहे, ते योग्यच. पण आमच्या मते कायद्याहून मोठा बदल याच काळात चुपचाप घडत होता. कागदाची पुडी जाऊन धातूचे काडतूस येत होते, आणि धातूचे काडतूस गावात बनत नाही.

स्नायडरसाठी कर्नल बॉक्सर यांनी जे काडतूस तयार केले त्याची पुंगळी पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी होती आणि तिच्या बुडाला लोखंडाची चकती होती. हे लक्षात ठेवा. काडतुसात लोखंड घालणे ही आजची कल्पना नव्हे. पहिल्या पिढीतच ते होते, आणि कारण तेव्हाही स्वस्ताईचेच होते. मार्टिनी-हेन्रीचे काडतूस त्याच बेताचे. १८८४-८५ च्या सुदानच्या मोहिमेत वाळू आणि उष्णता यांच्यापुढे ही गुंडाळी हरली. बूड निघून येई आणि उरलेली पुंगळी नळीत अडकून बसे. शत्रू समोर असताना शिपाई चाकूने ती उकरीत बसे. त्यानंतर अखंड ओढीव पितळेची पुंगळी आली, आणि तिने जे राज्य केले ते बहुतेक जगात आजवर चालू आहे.

ही पुंगळी बनते कशी, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण किमतीचे सगळे गणित त्यातच आहे. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे पितळ घेतात. त्याच्या जाड पट्टीतून गोल चकती कापून तिची लहानशी वाटी करतात. ती वाटी साच्यातून दाबून लांबवायची. लांबवली की पितळ कडक होते, मग भट्टीत तापवून ते मऊ करायचे, आम्लात धुवून काळपट थर काढायचा आणि पुन्हा साच्यात घालायची. असे फेरे अनेकदा होतात. वाटीची नळी झाली की तिचे बूड ठोकून कठीण करतात, त्यात टोपी बसण्याचा खळगा पाडतात, बुडावर कारखान्याचे चिन्ह उमटवतात आणि तोंड अरुंद करतात. त्या काळच्या .३०३ काडतुसात दारूऐवजी कॉर्डाइटच्या शेवयांसारख्या बारीक काड्या असत. त्यांची जुडी आधी आत सरकवून मग तोंड आवळीत, कारण आवळलेल्या तोंडातून ती जुडी आत जाऊ शकत नसे. शेवटी गोळी. आणि प्रत्येक टप्प्यावर तपासणी. कारण टोपी केसभर वर राहिली तर स्फोट भरणाऱ्याच्या हातात होतो.

हे काम आपल्या मराठी मुलखात पुण्याजवळ खडकीला १८६९ साली सुरू झाले. जेथे १८१७ साली पेशव्यांच्या फौजेने इंग्रजांशी लढाई दिली आणि गमावली, त्याच खडकीत अर्ध्या शतकाने इंग्रजांसाठी काडतुसे बनू लागली आणि ती बनवणारे हात आपलेच होते. पुढे १९०४ पासून कॉर्डाइट निलगिरीतल्या अरुवनकाडूला होऊ लागले. खडकीच्या पुंगळीच्या बुडावर के आणि एफ ही दोन अक्षरे आणि त्यांच्यामध्ये सरकारी बाण असे. दोन महायुद्धांत ही अक्षरे खडकीपासून किती दूरच्या मातीत जाऊन पडली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता पितळेचा हिशेब पाहा. एका .३०३ काडतुसाची पुंगळी साधारण ११ ग्रॅमची. हजार काडतुसे उडवली म्हणजे ११ किलो पितळ जमिनीवर पडले. तांब्याचा भाव लोखंडाच्या दसपटीहूनही वर राहत आला आहे, आणि तांब्यासाठी आपला देश अद्यापि परक्यांवर अवलंबून आहे; खेत्री आणि मलाजखंड येथील खाणींनी आपली गरज भागत नाही. म्हणून चांदमारीच्या मैदानावर एक नियम पाळला जातो: जेवढी काडतुसे दिली तेवढ्या पुंगळ्या परत मोजून घ्यायच्या. एक कमी भरली तर सगळी तुकडी गवतात वाकून शोधते. या मोजणीमागे चोरीची आणि गैरवापराची भीती आहे. परंतु त्याबरोबर धातूचा भावही आहे. वेचलेले पितळ पुन्हा भट्टीत जाते.

लढाईत काडतूस मोजले जात नाही. सरावात मोजले जाते. त्यामुळे पैसा तुटला की प्रथम कात्री लागते ती सरावाला. इंग्रजांनीही हा अनुभव घेतला. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, १८९९ ते १९०२ या काळात, शेतावर शिकारीने नेम पक्का केलेल्या बोअर शेतकऱ्यांनी बादशाही फौजेला जेरीस आणले. मग इंग्लंडला जाग आली की आपल्या गिरणीतल्या आणि खाणीतल्या माणसाने आयुष्यात कधी बंदूक धरलेलीच नसते. त्यावर त्यांनी काय केले? १९०१ साली चक्क कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था स्थापन केली! मोठ्या काडतुसाचा खर्च कामगाराला झेपणार नाही म्हणून .२२ चे चिमुकले काडतूस घेतले. त्याला मोठे मैदान लागत नाही. एखाद्या लांबट खोलीत, कामावरून सुटल्यावर, दिव्याच्या उजेडात सराव करता येतो. मोठ्या बंदुकीच्या नळीत लहान नळी घालून तिच्यातून लहान काडतूस उडवण्याची युक्तीही त्याआधी वीस वर्षे निघालेली होती. सरावाचे काडतूस स्वस्त कसे करावे, या प्रश्नाचे हे पहिले शहाणपणाचे उत्तर होय: धातू बदलू नका, काडतूसच लहान करा. मात्र ज्या सरकारच्या देशात मँचेस्टरच्या कामगाराला संध्याकाळी नेम शिकण्याची सोय झाली, तेच सरकार मुंबईच्या गिरणी कामगाराच्या हाती बंदूक दिसली तर १८७८ चा कायदा घेऊन येत होते. राजनिष्ठा विकत घेता येत नाही याची जाणीव त्याला असावी.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. १९४७-४८ हे वर्ष ज्यांच्या घरात जागे आहे असे कितीतरी लोक या सभेत असतील. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात, लातूर तालुका याच जिल्ह्यात, आणि रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी त्याच लातूरचा वकील. रझाकारांच्या हाती पुष्कळ ठिकाणी ठासणीच्या बंदुका, भाले आणि तलवारी होत्या. निजामाच्या नियमित फौजेकडे .३०३ होत्या, पण काडतुसे? हैदराबादची फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या पुरवठ्यावर वाढलेली. स्वातंत्र्यानंतर तो पुरवठा दिल्ली सरकारच्या हाती आला आणि दिल्लीने हात आखडला. जैसे थे करारानंतरच्या सगळ्या वाटाघाटींत शस्त्रे आणि दारूगोळा हा कायमचा तंटा होऊन बसला. शेवटी निजाम सरकारने सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक गाठला. १९४८ मध्ये त्याची विमाने रात्री कराचीहून उडून बीदर आणि वरंगळ येथे हत्यारे उतरवीत होती. जगातल्या श्रीमंतांत ज्याची गणना होत होती त्या राजाला काडतुसे चोरवाटेने आणावी लागली, कारण त्याच्याकडे तिजोरी होती, खडकी नव्हती.

सरहद्दीपलीकडे बार्शीच्या बाजूला आपल्या लोकांचे कॅम्प होते. तेथल्या तरुणांची अवस्था याहून वेगळी नव्हती. मिळेल ते हत्यार, आणि काडतुसे मोजकी. अशा ठिकाणी सराव हा शब्दच चैनीचा. काडतूस नेम शिकण्यात घालवायचे की गावावर धाड येईल त्या रात्रीसाठी ठेवायचे, असा प्रश्न पडला तर उत्तर ठरलेलेच असते. शेतकऱ्याचे पोर एकदम खऱ्या प्रसंगीच पहिली गोळी झाडते, आणि पहिली गोळी बहुधा चुकते. शौर्याच्या कथा सांगताना ही गोष्ट सांगितली जात नाही. परंतु शौर्य अधिक मोठे ठरते ते यामुळेच, असे आम्हांला वाटते.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौज सोलापूरच्या रस्त्याने आत शिरली. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्यापूर्वीच तिने तो ताब्यात घेतला आणि नळदुर्ग पडले. उपळी बुरुजावरच्या हत्ती आणि मगर या जुन्या तोफा त्या दिवशी नुसत्या प्रेक्षक होत्या. जळकोट झाले, दुपारी उमरगा झाले. तुळजापुरात हैदराबादची एक तुकडी आणि सुमारे दोनशे रझाकार यांनी दोन तास झुंज दिली. १७ तारखेला सारे संपले. आमच्या नात्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी त्या दिवसांत रस्त्याकडेला सापडलेली एक .३०३ ची पुंगळी जपून ठेवली होती. तिच्या तोंडाला ओठ लावून आम्ही लहानपणी शिटी वाजवीत असू. तिच्या बुडावर खडकीची दोन अक्षरे होती. ती कोणाच्या बंदुकीतून निघाली, भारतीय शिपायाच्या की निजामाच्या, हे त्या अक्षरांवरून सांगता येण्याजोगे नाही. दोघांनाही एकाच कारखान्याने पूर्वी माल पुरवलेला होता.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली राष्ट्रीय रायफल असोसिएशन स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती दादासाहेब मावळंकर, म्हणजे अहमदाबादेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले गांधीवादी गृहस्थ. गांधीजींच्या अनुयायाने बंदुकीचा सराव लोकांपर्यंत नेण्याचे मनावर घ्यावे, याचे काहींना नवल वाटे. आम्हांला वाटत नाही. १८७८ ज्याने अनुभवले त्याला हा नागरिकाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा अद्याप भरते. परंतु काडतुसाचा तुटवडा काही हटला नाही, आणि १९६२ साली त्याचे उघडे रूप दिसले. नामका चू नदीवर ब्रिगेडियर दळवींच्या जवानांपाशी माणशी ५० काडतुसे होती. समोरच्या चिनी सैनिकांकडे होती ती रशियन नमुन्याची हत्यारे. त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षण मंत्री झाले. पुढे १९६४ साली भुसावळजवळ वरणगावला लहान काडतुसांचा कारखाना उभा राहिला. १९६३ पासून कॉलेजांत एन.सी.सी. सक्तीची झाली, ती १९६८ पर्यंत. त्या पाच वर्षांत आपल्याकडील कितीतरी शेतकऱ्यांच्या मुलांनी आयुष्यात प्रथमच .२२ ची बंदूक खांद्याला लावली. वाट्याला येत त्या मूठभर गोळ्या, आणि त्याही मोजून.

त्या रशियन नमुन्याच्या हत्यारांबरोबर आपण पोलादी पुंगळीपाशी येतो. तिचे मूळ टंचाईत आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीची तांब्याची आयात नाकेबंदीने तुटली. चर्चच्या घंटा आणि स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा वितळवली गेली, आणि पोलादी पुंगळीचे प्रयोग सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात रोगण दिलेली पोलादी पुंगळी जर्मन फौजेत सर्रास झाली. अमेरिकेनेही इव्हान्सव्हिल येथे मोटारी बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीकडून पोलादी पुंगळीची पिस्तुलाची काडतुसे अब्जावधींच्या संख्येने करवून घेतली. पण हे सगळे तात्पुरते. रशियनांनी मात्र टंचाईतून कायमची पद्धत काढली. १९४३ मध्ये आखलेल्या त्यांच्या नव्या काडतुसाचा आकारच बुडाकडून तोंडाकडे चांगला निमुळता ठेवला, आणि तो पोलादाला मानवणारा ठरला.

आकाराचे एवढे महत्त्व का? स्फोट झाला की पुंगळी फुगून नळीच्या आतल्या भिंतीला चिकटते. पितळ लवचिक, दाब ओसरताच ते किंचित आखडते आणि पुंगळी सुटून येते. पोलाद तितके आखडत नाही, म्हणून ते अडकते. निमुळत्या आकाराची वस्तू जरा मागे सरकली की सगळीकडून मोकळी होते. सरळ बाजूंची होत नाही. म्हणून पितळेसाठी आखलेल्या बंदुकीत पोलादी पुंगळी घातली की कुरबुर सुरू होते. दुसरी अडचण गंजाची. त्यावर तांब्याचा मुलामा, हिरवट रोगण किंवा प्लास्टिकच्या जातीचा थर असे उपाय निघाले; पण आपला पावसाळा आणि आपली गोदामे लक्षात घेता, वर्षानुवर्षे साठवायच्या मालाला हा थर पुरा पडेल का, ही शंका रास्त आहे. तिसरी गोष्ट कारखान्यातली. पोलाद ओढायला साचे लवकर झिजतात आणि यंत्रे बदलावी लागतात. कच्चा माल स्वस्त, पण घडणावळ महाग. लाखो-कोटींच्या संख्येत माल काढला तरच ती स्वस्ताई हाती लागते.

सोव्हिएत सत्ता कोसळल्यावर तुला आणि बर्नाउल येथल्या कारखान्यांना रिकामे बसण्याची पाळी आली तेव्हा त्यांनी हा माल अमेरिकेत विकायला काढला. तेथे खाजगी हौशी नेमबाज लाखोंनी. त्यांच्या सरावाचे ते आवडते स्वस्त काडतूस झाले, ते सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेने नव्या रशियन आयातीला मनाई करीपर्यंत. पण गंमत अशी की तिकडच्या अनेक खाजगी चांदमाऱ्या पोलादी पुंगळीला आत येऊ देत नाहीत. ठिणगी उडते, लक्ष्यामागचे पत्रे खराब होतात, अशी कारणे सांगतात. तीही खरी आहेत. त्यांच्या जोडीला एक कारण असे की दिवसभराच्या सरावात पडलेले पितळ चांदमारीचा मालक वेचून विकतो, आणि त्यात पोलाद मिसळले तर त्याचा ढीग नासतो. ज्याच्या गल्ल्यात रिकामी पुंगळी परत येते त्याला पितळ महाग पडत नाही; ज्याला ती टाकून घरी जायचे असते त्याला पोलाद परवडते. आपल्याकडे पुंगळी मोजून परत जाते ती सरकारात. म्हणून सरकारला पितळ सोडण्याची घाई नाही, आणि सराव करणाऱ्या मुलाला त्या परत गेलेल्या पितळेचा एक पैसा मिळत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवून आला. अंतिम फेरीत त्याचे ४५१.४ गुण झाले. प्राथमिक फेरीत गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने अशा ६० गोळ्या असतात. त्यात त्याने ६०० पैकी ५९० गुण मिळवले होते. ६० गोळ्यांसाठी किती वर्षे किती हजार गोळ्या उडवाव्या लागल्या असतील, याचा अंदाज आपणच करावा. हा शिक्षकाचा मुलगा. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत शिरला आणि २०१५ साली रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीला लागला. त्याच्याआधी याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. ही दोघे वापरतात ते .२२ चे काडतूस पोलादाने फारसे स्वस्त होणारे नव्हे. त्याची पुंगळी इवलीशी, तिची कड पातळ, आणि चापाचा घाव त्या कडेवरच बसून ती चेपावी लागते, म्हणून मऊ पितळच बरे. तेथे किमतीचे कारण वेगळे: स्पर्धेच्या दर्जाचा माल इंग्लंड, जर्मनीहून येतो. ज्याला तो परवडत नाही तो कोरा सराव करतो, म्हणजे गोळी न घालता तासन्‌तास नेम धरून चाप ओढतो. मोठे नेमबाजही हे करतातच. फरक इतकाच की गरिबाच्या पोराला बहुतेक वेळ तेवढेच करावे लागते.

मग स्वस्त काडतूस नको का? हवे. आमचा विरोध स्वस्ताईला नाही, तिच्या वाटेला आहे. काडतुसाच्या किमतीत धातू आहे, यंत्र आहे आणि मजुरी आहे. धातूचा भाव लंडनच्या बाजारात ठरतो, यंत्राचा ते विकणाऱ्याच्या दुकानात. हात पोहोचतो तो मजुरीपर्यंत. एस. एम. जोशी ज्या संरक्षण कामगारांच्या फेडरेशनचे वर्षानुवर्षे अध्यक्ष होते, त्या कामगारांनी जुलै १९६० च्या पाच दिवसांच्या संपात महागाईभत्ता मागितला तेव्हा वटहुकूम निघाला. ३० जून २०२१ रोजी पुन्हा वटहुकूम निघाला आणि १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातले ४१ शस्त्रनिर्मिती कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. खडकी आणि वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेले. कंपनी झाली म्हणजे माल स्वस्त होईल असे सांगितले जाते. तो स्वस्त होणार असेल तर चकतीच्या टप्प्यावर होवो, भट्टीच्या टप्प्यावर होवो; टोपी तपासणाऱ्या माणसाला कमी करून होऊ नये.

शेजारच्या जिल्ह्याची एक गोष्ट सांगून थांबतो. अहिल्यानगरजवळ खारे कर्जुने गावापाशी लष्कराचे के. के. रेंज नावाचे सरावाचे मोठे मैदान आहे. तेथे रणगाडे आणि तोफा यांचा सराव चालतो. सराव संपला की आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरचे काही लोक मनाई असताना लपूनछपून आत शिरतात आणि पितळ, तांबे, लोखंड वेचतात. भंगारवाला वजनावर पैसे देतो. पितळेला चांगले, लोखंडाला थोडे. कधी एखादा न फुटलेला गोळा हातात येतो आणि तो फोडताना फुटतो. अशी माणसे तेथे मेलेली आहेत, हातपाय गमावून बसलेली आहेत. पंचनाम्यात त्यांच्या नावापुढे भंगार वेचण्याचा उल्लेख येतो, आणि जप्त मालाच्या यादीत धातूचे वजन किलोमध्ये लिहिलेले असते.